सहा दिवसांचे अंतर

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने वारल्या. त्यानंतर सहाव्या दिवशी, ४ मार्चला, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाई नावाच्या एका तरुणीला हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचे अंतर होते. रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. आनंदीबाईंचा ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. दोघींची लग्ने बालपणीच झाली होती. पुढे दोघीही डॉक्टर झाल्या. पण त्या आठवड्यात महाराष्ट्राने एकीसाठी डोळ्यांतून पाणी काढले आणि दुसरीला कुळाला बट्टा लावणारी ठरवले. आपल्याकडे ‘पहिल्या स्त्रिया’ या विषयावर पुष्कळ लिहिले जाते. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली वकील अशी माळ आपण गुंफतो आणि ८ मार्चला भिंतीवर लावतो. त्या माळेत या दोघी शेजारी शेजारी बसतात. मला मात्र ते सहा दिवस महत्त्वाचे वाटतात. कोणत्या स्त्रीचे धाडस समाजाला गोड लागते आणि कोणत्या स्त्रीचे घशात अडकते, हे त्या सहा दिवसांत नीट दिसते.

एकीला नवऱ्याने पाठवले

आनंदीबाईंची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. नवव्या वर्षी लग्न, पोस्टखात्यातले विक्षिप्त आणि हट्टी गोपाळराव, चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले मूल, १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरच्या कॉलेजात दिलेले भाषण, एप्रिलमध्ये नवऱ्याविना केलेला सागरप्रवास, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातली पदवी (११ मार्च १८८६). कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण तिथे रुजू होण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही.

त्यांचे धैर्य असामान्य होते यात शंका नाही. परंतु समाजाच्या नजरेतून पाहिले तर त्या नवऱ्याच्या आज्ञेने शिकल्या, अमेरिकेतही साडीच नेसल्या, शाकाहारी राहिल्या आणि हिंदू म्हणून परत आल्या. त्यांनी घर मोडले नव्हते. म्हणून ज्यांनी त्यांच्या जाण्याला विरोध केला होता, त्यांनाही त्यांच्या परतण्याचा अभिमान वाटू शकला.

दुसरीने नवऱ्याला नकार दिला

रखमाबाईंचे घर वेगळ्या घडणीचे होते. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले तेव्हा रखमाबाई अडीच वर्षांच्या होत्या आणि आई जयंतीबाई सतरा वर्षांच्या. त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. जयंतीबाईंनी काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केले आणि पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामवंत डॉक्टर आणि वनस्पतीतज्ज्ञ होते. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांतले ते एक.

अशा घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. नवरा दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुनांच्या नात्यातला, एकोणीस वर्षांचा, गरीब मुलगा. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि माणूस व्हावे अशी अट होती. दादाजीने शिक्षण सोडले आणि तो मामाकडे राहायला गेला. रखमाबाईंची शाळा लग्नाबरोबर सुटली. मात्र त्यांनी घरीच फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके आणून वाचन सुरू ठेवले. मुलगी वयात येताच सासरी पाठवण्याची रीत होती. सखाराम अर्जुनांनी ती पाळली नाही. इतक्या लहान वयात मातृत्व आले तर शरीराचे काय होते, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते.

१८८४ मध्ये दादाजीने ‘माझी बायको माझ्या स्वाधीन करा’ असा दावा उच्च न्यायालयात लावला. मालमत्तेपायी आपल्याला डावलले जाते, असे त्याचे म्हणणे होते. नवऱ्याची ऐपत नाही, प्रकृती खालावलेली आहे, असे रखमाबाईंच्या बाजूने मांडले गेले. पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधे वाक्य होते: हे लग्न मला समजत नव्हते त्या वयात झाले आहे, ते मला मान्य नाही. आपल्याकडच्या कोर्टात एखाद्या स्त्रीने हे वाक्य इतक्या सरळपणे उभे करण्याचा प्रसंग त्याआधी आला नव्हता. म्हणून हा खटला दोन कुटुंबांचा राहिला नाही.

परदेशी कायदा, देशी धर्म

या खटल्यातली कायद्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचे टोक आजपर्यंत येते.

‘वैवाहिक संबंध पुनःस्थापित करण्याचा’ दावा हा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. तिथे घटस्फोट जवळजवळ अशक्य होता, म्हणून घर सोडून गेलेल्या जोडीदाराला परत बोलावण्याची ही तजवीज. इंग्रजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. १८६७ मध्ये एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने असे दावे इथल्या दिवाणी कोर्टांत चालतील असे ठरवले, आणि १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूम न पाळणाऱ्याला कैदेची तरतूद केली. उलट खुद्द इंग्लंडने अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणे १८८४ मध्ये बंद केले. म्हणजे ज्या साली लंडनने हे हत्यार म्यान केले, त्याच साली मुंबईत ते रखमाबाईंवर उपसले गेले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे तर्कशास्त्र सरळ होते. जे कधी सुरूच झाले नाही, ते ‘पुन्हा’ स्थापित कसे करणार? दोघे एकत्र राहिलेलेच नाहीत. नकार देणाऱ्या तरुणीला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले, आणि हिंदू कायद्यात याला आधार नाही असेही त्यांनी नमूद केले.

निकालाने मुंबई-पुण्यात आग लागली. इंग्रज न्यायाधीशाने धर्मात हात घातला, अशी ओरड झाली. वास्तविक पिन्हे इंग्रजी कायदा लादायला नकार देत होते, आणि धर्माचे कैवारी इंग्लिश चर्चची तरतूद हिंदू धर्म म्हणून मागत होते! टिळकांचा रखमाबाईंना विरोध जाहीर होता. बेहरामजी मलबारींनी आदल्याच वर्षी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून वाद पेटवला होता. ते रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर त्यांच्या वकिलांत होते.

१८८६ मध्ये अपील चालले. मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ह्यांचा निकाल फिरवला. हिंदू विवाह विधी झाला की पूर्ण होतो, पतिपत्नी एकत्र राहिली की नाही याने फरक पडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. दावा पुन्हा खाली आला आणि ४ मार्च १८८७ चा हुकूम झाला.

रखमाबाईंनी हुकूम पाळायला नकार दिला. तुरुंगवास पत्करीन, पण जाणार नाही, ही त्यांची भूमिका होती. लढताना त्या गप्प बसलेल्या नव्हत्या. ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने त्यांनी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दोन पत्रे लिहिली होती. पहिले २६ जून १८८५ चे, बालविवाहावर. दुसरे १९ सप्टेंबरचे, म्हणजे पिन्ह्यांच्या निकालाच्या दोन दिवस आधीचे, सक्तीच्या वैधव्यावर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले होते. घरातला भक्कम पुरुष गेल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत वीस वर्षांच्या मुलीने हे लिहिले. १८८७ मध्ये दादाजीने आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली, तिलाही रखमाबाईंनी छापील उत्तर दिले. एप्रिल १८८७ मध्ये त्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्येही आले.

राणीची दंतकथा

पुढे काय झाले, याविषयी एक लोकप्रिय कथा आहे. रखमाबाईंनी व्हिक्टोरिया राणीला साकडे घातले आणि राणीने लग्न रद्द करून टाकले, असे ती सांगते. शाळेच्या भाषणांत, वर्तमानपत्री स्तंभांत ती वर्षानुवर्षे फिरते. खटल्याचा बारकाईने अभ्यास केलेल्या सुधीर चंद्र यांच्या इंग्रजी ग्रंथातून मात्र दिसते ते वेगळे आहे. जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. पुढच्या वर्षी त्याने दुसरे लग्नही केले. पुरुषाला तेव्हा दुसऱ्या लग्नाची मुभा होतीच.

दंतकथेपेक्षा ही सत्यकथा अधिक बोचरी आहे. राणीने न्याय दिला म्हटले की गोष्ट संपते, मन निवते. प्रत्यक्षात न्याय मिळालाच नाही. कायदा जागच्या जागी राहिला. एका स्त्रीने पैसे मोजून आपली सुटका करून घेतली, आणि मोजायला पैसे होते म्हणून ती सुटली. जिच्या गाठीला दोन हजार नव्हते तिच्यासाठी फॅरनसाहेबांचा हुकूम कायमच होता. शिवाय विवाह कायद्याने मोडलेला नव्हताच. १९०४ मध्ये दादाजी वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेश घेतला. त्यांच्या अनेक चाहत्यांना हे कोडे वाटते. मला त्यात विसंगती दिसत नाही. लोकरीत काय मानते हे त्या जाणून होत्या, आणि सुरतेतल्या बायकांचा विश्वास त्यांना हवा होता. पाळायचे काय आणि पाळायचे नाही काय, हे आपण ठरवायचे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

पस्तीस वर्षांचे काम

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकाची वाट दाखवली. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, स्कॉटलंडची परवाना परीक्षा दिली, ब्रुसेल्सची एम.डी. मिळवली. १८९४ मध्ये पात्र होऊन त्या परतल्या. काही काळ मुंबईच्या कामा रुग्णालयात काम करून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या आणि तिथे दोन दशकांहून अधिक काळ राहिल्या. नंतर महिला वैद्यकीय सेवेतली सरकारी जागा नाकारून राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि १९२९-३० च्या सुमारास निवृत्त झाल्या. त्यानंतरही त्यांची लेखणी थांबली नव्हती. पडदा पद्धत का गेली पाहिजे, यावर त्यांनी पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार करून, त्या गेल्या.

इथे ‘पहिली कोण’ हा प्रश्न निघतो. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या मराठी स्त्री आनंदीबाई. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी व्यवसायही केला. रखमाबाईंची पात्रता त्यानंतर आठ वर्षांनी आली. म्हणजे क्रमवारीत त्या मागे पडतात. परंतु पस्तीस वर्षे रोज सकाळी रुग्णालयात जाऊन बायकांच्या बाळंतपणांना हात लावणे, हे क्रमवारीत मावणारे काम नाही. ज्या बाईच्या शरीरावर नवऱ्याचा ताबा आहे असे कोर्टाने सांगितले, तिने उरलेले आयुष्य दुसऱ्या बायकांची शरीरे वाचवण्यात घालवले. आनंदीबाईंना चरित्रे, कादंबरी, नाटक, चित्रपट असे भरभरून मिळाले. ते योग्यच झाले. रखमाबाईंच्या वाट्याला त्या मानाने थोडेच आले. अकाली मृत्यूला आपण हळहळतो; दीर्घ, कष्टाळू, हट्टी आयुष्याचे काय करावे हे आपल्याला कळत नाही.

एकाच कायद्यातली दोन कलमे

रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेल्या वादातून, आणि कलकत्त्यात फुलमणी दासी या कोवळ्या मुलीच्या मृत्यूनंतर, १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. बस्स, दोन वर्षांची भर, आणि त्यासाठी केवढे रणकंदन! १९२३ मध्ये नांदायला न जाणाऱ्याला तुरुंगात घालण्याची तरतूद गेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले.

हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. आमची परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. तिकडे कायदेमंडळ हलले म्हणून गोदाकाठच्या गावात लग्नाची तिथी हलत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आम्ही स्वतंत्र भारतात आलो, तेव्हाच भारताचे कायदे आमचे झाले.

मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. तो १८ मे रोजी अमलात आला. रखमाबाई त्यानंतर चार महिन्यांनी गेल्या. या कायद्याने हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. पण त्याच्या नवव्या कलमात दादाजीचा दावा जसाच्या तसा बसला आहे: जोडीदार सबळ कारणाविना दूर राहत असेल तर त्याला नांदायला येण्याचा हुकूम मागता येतो. हुकूम आता कोणाला तुरुंगात धाडत नाही, मालमत्तेवर जप्ती मात्र येऊ शकते. इंग्लंडने आपले हे कलम १९७० च्या कायद्याने पुरते काढून टाकले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले होते, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले. २०१९ मध्ये त्याला पुन्हा आव्हान दिले गेले. हुकूम पाळला नाही एवढ्यानेच पत्नीची पोटगी बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.

आणि याच कायद्यात, चार कलमे पुढे, रखमाबाईंचा युक्तिवादही बसला आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तेराव्या कलमात एक उपकलम आले. पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीने पंधरा ते अठरा या वयात ते लग्न नाकारले असेल, तर ती घटस्फोट मागू शकते. मग शरीरसंबंध आलेला असो वा नसो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने आणखी पुढे जाऊन, बालपणी लग्न झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून घेण्याचा हक्क दिला. मुलीसाठी ही मुदत विसाव्या वर्षापर्यंत. ‘समजत नव्हते तेव्हा झाले, मला मान्य नाही’ हे वाक्य अशा रीतीने कायद्याच्या पुस्तकात आले. एका पानावर दादाजी, दुसऱ्या पानावर रखमाबाई.

अठ्ठेचाळीस टक्के

मी देवगाव फाट्याला राहते. सेलू, जिंतूर आणि मंठ्याकडच्या वाटा इथे भेटतात. एवढ्या जुन्या मुंबईच्या खटल्याचे मला इथे काय, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एक आकडा आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांना त्यांचे लग्न कितव्या वर्षी झाले ते विचारले. अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के निघाले, महाराष्ट्रात २१.९ टक्के, आणि परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. राज्यातले ते सर्वाधिक. हा आजीच्या काळचा हिशेब नाही. या लग्नांच्या अक्षता गेल्या दहा-पंधरा वर्षांत पडल्या आहेत.

कारणे फाट्यावर उभे राहिले तरी दिसतात. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक भरू लागतात. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. आईबाप सहा-सहा महिने बाहेर. वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? त्यात दोन वर्षे पाऊस दगा देतो, हुंड्याचा आकडा वयाबरोबर वाढतो, आणि आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी असते. या आईबापांना मी राक्षस म्हणणार नाही. सखाराम अर्जुनांसारख्या विद्वानाच्या घरातही मुलीचे लग्न अकराव्या वर्षी झालेच होते. शाळेत शिकवत होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या हजेरीपटावर काही नावांपुढे सलग गैरहजेरी लागे. कारणाचा रकाना हजेरीपटाला नसतो.

अशी मुलगी वर्ष-दोन वर्षांत माहेरी परत आली आणि ‘जाणार नाही’ म्हणाली, तर तिच्यापुढे काय येते? चार शहाणी माणसे, भावकीची बैठक, आणि कधी वकिलाची नोटीस. नोटिशीतले नववे कलम तिला कळते, कारण ते तिच्या दारात येते. तिच्या बाजूचे कलम कोणी दारात आणून देत नाही. विसाव्या वर्षापर्यंतच लग्न रद्द करून मिळते हे तिला एकविसाव्या वर्षी कळून उपयोग नसतो. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, १०९८ हा क्रमांक फुकट लागतो, या गोष्टी शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या असतातही. लग्न झाल्यानंतरचा हक्क मात्र मला कुठल्या भिंतीवर दिसला नाही.

म्हणून पहिल्या स्त्रियांच्या माळेकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहते. आनंदीबाई मुलींना सांगतात की तुम्ही डॉक्टर होऊ शकता. हे सांगणे सोपे झाले आहे. त्याला टाळ्या मिळतात. रखमाबाई त्याच्या आधीची पायरी सांगतात: झालेल्या लग्नालाही नाही म्हणता येते. हे सांगायला अजून जड जाते. रखमाबाईंकडे शिकलेले घर होते, तेलंगांसारखे वकील होते, लंडनपर्यंत पोचणारी लेखणी होती आणि शेवटी दोन हजार रुपये होते. एवढे सगळे असताना त्यांना चार वर्षे लागली. आमच्याकडच्या मुलीला यातले काही मिळणार नसेल, तर निदान ते उपकलम तरी तिच्या भाषेत, तिच्या वयात आणि मुदत संपण्याआधी तिच्या हाती पडले पाहिजे.